ब्रेस्ट इम्प्लांट आतल्या आत फुटलं तर कसं कळतं? वर्षानुवर्षं कोणत्या तपासण्या कराव्या लागतात?

मार्च २०१०. दक्षिण फ्रान्समधल्या तूलाँ शहराजवळच्या ला सेन-स्युर-मेर या गावात सरकारी निरीक्षक एका कारखान्यात पोहोचले. कारखाना होता 'पॉली इम्प्लांट प्रोथेझ' म्हणजेच 'पीआयपी' या कंपनीचा. ही कंपनी स्तनांमध्ये बसवायची सिलिकॉनची इम्प्लांट्स बनवायची आणि ती नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात फुटत असल्याचं फ्रान्समधल्या डॉक्टरांच्या लक्षात येत होतं.

तपासात धक्कादायक गोष्ट समोर आली. मंजुरी मिळालेल्या वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनऐवजी कंपनी औद्योगिक वापराचं स्वस्त सिलिकॉन भरत होती. तोपर्यंत ही इम्प्लांट्स जगभरातल्या सुमारे तीन लाख महिलांच्या शरीरात बसवलेली होती.

बातमी फुटली आणि या महिलांपुढे दोन प्रश्न उभे राहिले. माझ्या शरीरात आहे ते इम्प्लांट पीआयपीचंच आहे का? आणि असेल, तर ते फुटलंय का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर शस्त्रक्रियेच्या कागदपत्रांत होतं आणि अनेकींकडे ती कागदपत्रंच नव्हती. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर आरशात बघूनही मिळत नव्हतं.

पीआयपीचा घोटाळा होऊन आता बरीच वर्षं झाली. पण हे दोन प्रश्न इम्प्लांट बसवलेल्या प्रत्येकीला आजही लागू होतात, मग कंपनी कोणतीही असो. कॅन्सरमुळे स्तन काढावा लागल्यावर पुनर्रचना केलेल्या महिला असोत, आकार वाढवण्यासाठी शस्त्रक्रिया केलेल्या असोत किंवा ट्रान्स महिला असोत. इम्प्लांट बसवण्याबद्दल इंटरनेटवर भरपूर माहिती सापडते, पण बसवल्यानंतरच्या दहा-वीस वर्षांत काय बघायचं, याबद्दल फार कमी बोललं जातं. तेच इथे समजून घेऊया.

इम्प्लांट म्हणजे नेमकं काय असतं?

१९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो या सर्जननी पहिल्यांदा सिलिकॉन जेलचं इम्प्लांट एका महिलेला बसवलं. तेव्हापासून रचना बरीच सुधारली, पण मूळ कल्पना तीच आहे. बाहेर सिलिकॉन रबराचं पातळ कवच आणि आत भरलेला पदार्थ.

आत काय भरलंय, यावरून दोन मुख्य प्रकार पडतात. एक सलाईनचं, म्हणजे मिठाचं निर्जंतुक पाणी भरलेलं. दुसरं सिलिकॉन जेलचं. सिलिकॉन जेलही आता पूर्वीसारखं पातळ राहिलेलं नाही. नव्या इम्प्लांटमधलं जेल बरंच घट्ट असतं. खरवसाची वडी कापली तरी ती आपला आकार सोडत नाही, साधारण तसं.

कवचाच्या पृष्ठभागावरूनही दोन प्रकार होतात. गुळगुळीत आणि खरखरीत. खरखरीत प्रकाराला 'टेक्स्चर्ड' म्हणतात. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे, तो लक्षात ठेवा.

फुटूनही कळत नाही, असं का होतं?

पायात काटा मोडून राहिला तर शरीर त्याच्याभोवती एक आवरण तयार करतं. इम्प्लांटच्या बाबतीतही हेच होतं. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत त्याच्याभोवती शरीराच्या स्वतःच्या पेशींचं एक आवरण तयार होतं. डॉक्टर त्याला 'कॅप्सूल' म्हणतात. ही बिघाडाची खूण नाही, कॅप्सूल प्रत्येकीच्या शरीरात तयार होते.

म्हणजे जेलभोवती दोन भिंती असतात. आतली कंपनीने बनवलेली, बाहेरची शरीराने बनवलेली.

सलाईनचं इम्प्लांट फुटलं की आतलं पाणी बाहेर येतं, शरीर ते शोषून घेतं आणि काही तासांत किंवा काही दिवसांत स्तन एका बाजूने बसलेला दिसतो. ते लपून राहत नाही. पाणी शरीराला अपायकारकही नसतं.

सिलिकॉनचं तसं नाही. आतली भिंत फाटली तरी घट्ट जेल बाहेरच्या भिंतीच्या आतच राहतं. आकार तोच, स्पर्श तोच, दुखणंही नाही. हे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं तसंच राहू शकतं. डॉक्टरांच्या भाषेत याला 'सायलेंट रप्चर' म्हणतात, म्हणजे गुपचूप फुटणं. महिलेलाच नाही, तर हाताने तपासणाऱ्या अनुभवी डॉक्टरलाही ते सहसा कळत नाही.

पुढे कधीतरी कॅप्सूललाही भेग पडली तर जेल आजूबाजूच्या भागात झिरपतं. तिथे गाठी होऊ शकतात. काही वेळा सिलिकॉन काखेतल्या लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचतं आणि त्या सुजतात. ज्या महिलेला आधी स्तनांचा कॅन्सर होऊन गेला आहे, तिच्या काखेत अशी गाठ लागली तर पहिली शंका कॅन्सर परत आल्याचीच येते. ती गाठ कॅन्सरची की सिलिकॉनची, हे तपासणीशिवाय सांगता येत नाही.

कवच फुटायला दरवेळी अपघात किंवा मार लागलेला असतो असं नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी सुई किंवा चिमट्याचा ओरखडा लागलेला असू शकतो. कवचाला पडलेल्या घडीवर वर्षानुवर्षं ताण येऊन तिथे ते विरतं. विमानात बसल्यावर इम्प्लांट फुटतं, अशा व्हायरल गोष्टींना मात्र आधार नाही.

मग हाताला आणि डोळ्यांना काय कळू शकतं?

गुपचूप फुटणं कळत नाही म्हणून स्वतः तपासणं बंद करायचं, असा याचा अर्थ नाही. बरेच बिघाड बाहेरून कळतात.

सगळ्यात जास्त दिसणारा बिघाड म्हणजे कॅप्सूल आवळली जाणं. शरीराने बनवलेलं आवरण जाड होतं आणि इम्प्लांटभोवती मुठीसारखं आवळत जातं. डॉक्टर याच्या चार पायऱ्या मानतात, त्यांना 'बेकर ग्रेड' म्हणतात. पहिल्या पायरीत स्तन मऊ आणि नैसर्गिक असतो. दुसऱ्या पायरीत थोडा घट्ट लागतो, पण दिसायला ठीक असतो. तिसऱ्या पायरीत घट्टपणासोबत आकार बिघडलेला दिसतो आणि चौथ्या पायरीत तो कडक, वाकडा आणि दुखरा होतो. हे बऱ्याचदा पहिल्या काही वर्षांत सुरू होतं, पण नंतर कधीही होऊ शकतं.

महिन्यातून एकदा, आरशासमोर उभं राहून आणि मग आडवं पडून, दोन्ही बाजूंची तुलना करा. आधी इम्प्लांटची कड कुठे लागते आणि तुमचा स्वतःचा भाग कुठे आहे, हे सर्जनकडून एकदा समजून घ्या. नाहीतर दरवेळी इम्प्लांटची कडच गाठ वाटेल, किंवा खरी गाठ इम्प्लांटची कड समजून सोडून दिली जाईल.

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर पुढच्या ठरलेल्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा:

• एका बाजूचा आकार किंवा आकारमान बदलणं, स्तन बसणं किंवा वर सरकणं
• नव्याने आलेला कडकपणा, दुखणं, जळजळ
• स्तनात, काखेत किंवा छातीवर गाठ लागणं
• शस्त्रक्रियेला वर्षं उलटून गेल्यावर अचानक एका बाजूला सूज येणं
• त्वचा लाल होणं, पुरळ येणं, त्वचेखाली सुरकुत्या किंवा लाटा दिसणं

यातली प्रत्येक गोष्ट बिघाडाचीच असते असं नाही. वजन कमी-जास्त झालं, बाळंतपण झालं, पाळी गेली की स्तन बदलतातच. पण हे ठरवणं डॉक्टरांवर सोडा.

सोनोग्राफी, एमआरआय की मॅमोग्राफी?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण तिन्ही तपासण्या वेगवेगळ्या कामांसाठी आहेत.

सोनोग्राफी स्वस्त आहे आणि तालुक्याच्या गावीही होते. चांगल्या इम्प्लांटच्या आत सोनोग्राफीत एकसारखा काळा भाग दिसतो. कवच फाटून आत कोसळलं असेल तर आडव्या रेघा एकाखाली एक दिसतात, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. जेल कॅप्सूलच्या बाहेर गेलं असेल तर तिथे पांढरट धुरकट पडदा दिसतो, त्याला रेडिओलॉजिस्ट 'हिमवादळ' म्हणतात. सोनोग्राफीची मर्यादा अशी, की निष्कर्ष बराचसा तपासणाऱ्याच्या अनुभवावर अवलंबून असतो. कवचाला पडलेली साधी घडीही कधी फाटल्यासारखी वाटते.

एमआरआय ही फुटलेलं इम्प्लांट ओळखण्याची सगळ्यात खात्रीची तपासणी मानली जाते. यात पालथं झोपवून स्तनांसाठीच्या खास कॉइलमध्ये चित्रं घेतात. फाटलेलं कवच जेलमध्ये तरंगत असेल तर चित्रात वळ्यावळ्यांच्या बारीक रेषा दिसतात. रेडिओलॉजिस्टनी त्याला 'लिंग्विनी' या इटालियन पास्त्याचं नाव दिलंय. आपल्याकडे नाव ठेवलं असतं तर खिरीतल्या शेवया म्हटलं असतं. इम्प्लांट फुटलंय का एवढंच बघायचं असेल तर शिरेतून औषध टोचावं लागत नाही. कॅन्सरची शंका असेल तर मात्र ते टोचतात. म्हणून चिठ्ठीवर तपासणीचं कारण स्पष्ट लिहून घ्या.

एक सावधगिरी. कॅन्सरच्या शस्त्रक्रियेनंतर कायमचं इम्प्लांट बसवण्याआधी त्वचा ताणण्यासाठी काही महिने 'टिश्यू एक्सपांडर' बसवतात. त्यातल्या अनेकांच्या तोंडाशी चुंबक असतं आणि चुंबक असलेल्या एक्सपांडरसह एमआरआय धोकादायक ठरू शकतो. एक्सपांडर असेल तर एमआरआय सेंटरमध्ये हे आधी सांगायलाच हवं.

मॅमोग्राफी कॅन्सर शोधण्यासाठी आहे, फुटलेलं इम्प्लांट शोधण्यासाठी नाही. एक्स-रेला सिलिकॉन पांढरंशुभ्र दिसतं, त्यामुळे आत काय झालंय ते कळत नाही. जेल कॅप्सूलच्या बाहेर गेलं असेल तरच ते दिसू शकतं. म्हणजे मॅमोग्राफीचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून इम्प्लांट शाबूत आहे, असं समजू नका.

याची उलट बाजूही आहे. इम्प्लांट आहे म्हणून कॅन्सरची मॅमोग्राफी टाळायची नाही. इम्प्लांटमागे स्तनाचा काही भाग झाकला जातो, म्हणून १९८८ पासून एक खास पद्धत वापरली जाते. इम्प्लांट छातीकडे मागे ढकलून स्तनाचा भाग पुढे ओढतात आणि नेहमीच्या चित्रांबरोबर प्रत्येक बाजूची दोन जास्तीची चित्रं घेतात. ही पद्धत डॉ. एकलंड यांच्या नावाने ओळखली जाते. त्यासाठी तंत्रज्ञाला इम्प्लांट आहे हे माहीत असावं लागतं. दाबामुळे इम्प्लांट फुटण्याची शक्यता अगदी कमी असते, पण शून्य नसते. सोबत सासू किंवा नवरा आहे म्हणून बोलायचा संकोच वाटत असेल तर आत गेल्यावर एकटीने सांगा, पण सांगा. कॅन्सरमुळे पूर्ण स्तन काढून तिथे पुनर्रचना केली असेल तर त्या बाजूची मॅमोग्राफी सहसा करत नाहीत, दुसऱ्या बाजूची मात्र करावी लागते. याबाबत तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांचा सल्ला अंतिम.

तपासणी केव्हा करायची?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, यासाठी वेळापत्रक दिलंय आणि जगभरातले अनेक सर्जन त्याचा आधार घेतात.

२००६ मध्ये सिलिकॉन जेल इम्प्लांट्सना पुन्हा मंजुरी देताना एफडीएने सांगितलं होतं, की तीन वर्षांनी पहिला एमआरआय करा आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी. एमआरआय महाग आहे आणि लक्षणं नसताना स्वतःच्या खिशातून खर्च करून दर दोन वर्षांनी तो करणं बहुतेकींना जमण्यासारखं नव्हतं. २०२० मध्ये हा सल्ला बदलला. आता लक्षणं नसतील तर शस्त्रक्रियेनंतर पाच-सहा वर्षांनी पहिली तपासणी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी, तीही सोनोग्राफी किंवा एमआरआय, दोन्हींपैकी कोणतीही चालते. सोनोग्राफीत शंका आली किंवा लक्षणं असतील तर एमआरआय.

हे वेळापत्रक सिलिकॉन जेलसाठी आहे. सलाईनचं इम्प्लांट फुटलं तर ते दिसतंच, म्हणून त्यासाठी अशी नियमित चित्रं काढावी लागत नाहीत.

दहा वर्षांनी बदलावंच लागतं का?

रील्समध्ये हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. ते अर्धंच खरं आहे.

इम्प्लांट आयुष्यभर टिकत नाही, हे एफडीए स्पष्ट सांगतं. जितकी वर्षं जास्त, तितकी बिघाडाची शक्यता जास्त. आकार वाढवण्यासाठी इम्प्लांट बसवलेल्या महिलांपैकी २० टक्क्यांपर्यंत महिलांना आठ ते दहा वर्षांत ते काढावं लागतं, असं एफडीएची माहिती सांगते. म्हणजे पंचविशीत इम्प्लांट बसवणाऱ्या मुलीने आयुष्यात आणखी एखादी तरी शस्त्रक्रिया होईल, हे गृहीत धरूनच निर्णय घ्यायला हवा.

पण औषधाच्या बाटलीवर असते तशी दहा वर्षांची मुदत इम्प्लांटवर नसते. तपासणीत सगळं ठीक असेल आणि त्रास नसेल, तर केवळ दहा वर्षं झाली म्हणून काढायची गरज नाही. दहा वर्षं झाली आणि एकदाही तपासणी झाली नसेल, तर ती मात्र आता करून घ्या.

वर्षांनंतर अचानक सूज आली तर?

या एका लक्षणाकडे अजिबात दुर्लक्ष करू नका.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांत थोडं पाणी साचणं नेहमीचं आहे. पण सात-आठ-दहा वर्षं सगळं सुरळीत असताना एका बाजूचा स्तन अचानक सुजला, आत पाणी झालं, तर ती एका दुर्मीळ कॅन्सरची पहिली खूण असू शकते. त्याचं नाव आहे 'बीआयए-एएलसीएल'. हा स्तनांचा कॅन्सर नाही. रोगप्रतिकारक पेशींचा हा लिम्फोमा इम्प्लांटभोवतीच्या पाण्यात आणि कॅप्सूलमध्ये होतो.

या आजाराचा पहिला रुग्ण वैद्यकीय साहित्यात १९९७ मध्ये नोंदवला गेला. २०११ मध्ये एफडीएने इम्प्लांटशी त्याचा संबंध असू शकतो असं जाहीर केलं आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला स्वतंत्र आजार म्हणून मान्यता दिली. जुलै २०१९ पर्यंत एफडीएकडे जगभरातून ५७३ रुग्णांची आणि ३३ मृत्यूंची नोंद झाली होती. बहुतेक रुग्ण खरखरीत कवचाच्या इम्प्लांटशी जोडलेले होते. त्यातही ४८१ रुग्णांची इम्प्लांट्स ॲलर्गन या एकाच कंपनीची होती. त्याच महिन्यात ॲलर्गनने 'बायोसेल' पद्धतीची खरखरीत इम्प्लांट्स जगभरातून परत मागवली. फ्रान्सने त्याआधीच एप्रिल २०१९ मध्ये जास्त खरखरीत इम्प्लांट्सवर बंदी घातली होती.

जगभर लाखो महिलांकडे इम्प्लांट आहे, त्या तुलनेत हे रुग्ण फारच थोडे आहेत. म्हणूनच बायोसेल असलेल्या, पण काहीही त्रास नसलेल्या महिलांनी ते काढून टाकावं, असं एफडीएने सांगितलेलं नाही. लक्ष ठेवा, एवढंच सांगितलंय.

निदान कसं होतं? आधी सोनोग्राफी करून पाणी आहे का बघतात. मग सुईने ते पाणी काढून प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे पेशींवर 'सीडी ३०' नावाची खूण आहे का, हे मुद्दाम तपासावं लागतं. साध्या तपासणीत ते निसटू शकतं. त्यामुळे डॉक्टरांनी पाणी काढून फेकून दिलं आणि अँटिबायोटिक लिहून दिलं, तर थांबून विचारा: हे तपासायला पाठवणार ना? आजार कॅप्सूलपुरताच असेल तर इम्प्लांट आणि पूर्ण कॅप्सूल काढून टाकल्यावर बहुतेक रुग्ण बरे होतात. उशीर झाला तर तो पसरतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये एफडीएने कॅप्सूलमध्ये होणाऱ्या आणखी काही कॅन्सरबद्दलही सावध केलं. ते याहूनही दुर्मीळ आहेत. २०२३ च्या मार्चपर्यंत त्यातल्या स्क्वॅमस सेल प्रकाराचे जगभरातून १९ रुग्ण वैद्यकीय साहित्यात नोंदवले गेले होते. लक्षणं तीच: सूज, गाठ, दुखणं, त्वचेतले बदल.

थकवा, सांधेदुखी, केस गळणं, हे इम्प्लांटमुळे?

सोशल मीडियावर 'ब्रेस्ट इम्प्लांट इलनेस' या नावाने हजारो महिलांचे अनुभव सापडतात. सतत थकवा, सांधे दुखणं, विसरभोळेपणा, पुरळ, केस गळणं. यासाठी कोणतीही रक्ततपासणी किंवा स्कॅन नाही आणि नेमकं कारण सिद्ध झालेलं नाही. पण 'हे सगळं तुमच्या मनाचे खेळ' म्हणून उडवून लावण्याचे दिवसही गेले. इम्प्लांट काढल्यावर काही महिलांना बरं वाटल्याचं एफडीए मान्य करतं आणि २०२१ मध्ये इम्प्लांटसोबतच्या माहितीपत्रकात सक्तीचा केलेला ठळक इशारा या लक्षणांचाही उल्लेख करतो.

अडचण अशी, की थायरॉईड, रक्तक्षय, संधिवात, पाळी जाण्याचा काळ यांतही हीच लक्षणं दिसतात. आधी त्या तपासण्या करून घ्या आणि त्या डॉक्टरांनाही इम्प्लांटबद्दल सांगा.

फुटल्याचं कळलं तर काय करायचं?

पहिली गोष्ट, मध्यरात्री कॅज्युअल्टीत धावण्यासारखी ही घटना नाही. फुटलेलं सिलिकॉन इम्प्लांट साधारणपणे काढण्याचाच सल्ला दिला जातो, कारण जेल जितकं बाहेर पसरेल तितकं ते साफ करणं अवघड. पण त्यासाठी दुसरं मत घ्यायला, पैशांची सोय करायला आणि नवीन इम्प्लांट हवं की नको हे ठरवायला वेळ असतो. नवीन न बसवता काढून टाकणं हाही पर्याय आहे, हे बऱ्याचदा सांगितलंच जात नाही.

ताप, लालसरपणा, पू किंवा जखम उघडणं असेल तर मात्र थांबू नका. तो जंतुसंसर्ग असू शकतो.

विम्याचं काय? आपल्याकडच्या आरोग्य विम्यात कॉस्मेटिक शस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना, तसंच आरोग्याला थेट आणि तातडीचा धोका असेल तर करावे लागणारे उपचार, यांना त्यातून सवलत आहे. आता शस्त्रक्रिया कशासाठी होतेय, हे डॉक्टरांनी कागदावर काय लिहिलंय त्यावर दावा मंजूर होणं अवलंबून राहू शकतं.

सगळं येऊन अडतं ते कागदावर

पुन्हा पीआयपीकडे येऊ. डिसेंबर २०११ मध्ये फ्रान्स सरकारने आपल्या देशातल्या सुमारे ३० हजार महिलांना लक्षणं नसली तरी ही इम्प्लांट्स काढून घ्यायला सांगितलं. ब्रिटनमध्ये सुमारे ४७ हजार महिलांना ती बसवलेली होती. तिथल्या तज्ज्ञ समितीने २०१२ मध्ये सांगितलं, की ती विषारी किंवा कॅन्सर करणारी असल्याचा पुरावा नाही, पण इतर कंपन्यांपेक्षा ती फुटण्याची शक्यता दोन ते सहा पट जास्त आहे. कंपनीचे संस्थापक जाँ-क्लोद मास यांना डिसेंबर २०१३ मध्ये मार्सेच्या न्यायालयाने चार वर्षांची शिक्षा सुनावली. २०१६ मध्ये ब्रिटनने इम्प्लांट्सची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. पुन्हा असं काही झालं तर कोणाच्या शरीरात काय आहे हे शोधता यावं, हा तिचा एक मुख्य हेतू.

आपल्याकडे याची किंमत वेगळ्या इम्प्लांटच्या बाबतीत दिसली. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीने खुब्याच्या सांध्याचं 'एएसआर' इम्प्लांट २०१० मध्ये जगभरातून परत मागवलं. भारतात त्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणाचा पाठपुरावा केला, पुढे केंद्राने समिती नेमली. त्या समितीच्या अहवालानुसार जवळपास ३,६०० रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता. भरपाई ठरली, पण ती द्यायची कोणाला, हेच माहीत नव्हतं.

असं का होतं, याचं एक उत्तर नियमातच आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांनी दाखल रुग्णांची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपून ठेवणं बंधनकारक आहे. इम्प्लांट फुटण्याची, उशिरा सूज येण्याची शक्यता वाढते ती आठ-दहा वर्षांनी. म्हणजे बिघाड होईल तेव्हा इम्प्लांट शरीरात असेल, पण ते कोणतं हे सांगणारी फाईल हॉस्पिटलात असेलच असं नाही. दरम्यान क्लिनिक बंद पडलं, सर्जन निवृत्त झाले, तर प्रश्नच मिटला.

त्याच नियमांत तुमच्या कामाची एक तरतूदही आहे. रुग्णाने मागणी केल्यास ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. तोंडी न मागता लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

नेमकं काय मागायचं?

प्रत्येक इम्प्लांटच्या खोक्यासोबत स्टिकर येतात. त्यावर कंपनी, मॉडेल, आकारमान, लॉट क्रमांक आणि सिरीयल क्रमांक असतो. एक स्टिकर ऑपरेशनच्या कागदांवर लागतो आणि एक रुग्णाच्या कार्डावर. हे कार्ड रुग्णाला मिळालंच पाहिजे, अशी अट एफडीएने २०२१ मध्ये अमेरिकेत घातली.

शस्त्रक्रिया आता होणार असेल तर ते कार्ड घेतल्याशिवाय डिस्चार्ज घेऊ नका. डावं कोणतं, उजवं कोणतं हे त्यावर लिहिलंय का बघा. सिलिकॉन की सलाईन, गुळगुळीत की खरखरीत, स्नायूच्या वर की खाली, हे सर्जनकडून लिहून घ्या.

शस्त्रक्रिया होऊन गेली असेल आणि कार्ड सापडत नसेल तर हॉस्पिटलकडून ऑपरेशन नोट्स, डिस्चार्ज कार्ड आणि इम्प्लांटचं बिल मागा. कॅन्सरनंतरच्या पुनर्रचनेसाठी विम्याचा दावा केला असेल तर त्या फाईलमध्ये स्टिकरची प्रत असू शकते. तिथेही काही मिळालं नाही, तर सोनोग्राफी किंवा एमआरआयवरून सिलिकॉन की सलाईन एवढं तरी कळतं. कंपनी आणि लॉट क्रमांक मात्र त्यातून सहसा कळत नाही.

इम्प्लांटमुळे त्रास झाला असेल तर त्याची तक्रार 'मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया'कडे करता येते. वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या त्रासाची नोंद ठेवण्यासाठी २०१५ मध्ये सुरू झालेला हा सरकारी कार्यक्रम आहे आणि गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग तो चालवतो. तक्रार डॉक्टरांप्रमाणे रुग्णही करू शकतात.

आणि आज एवढं करून ठेवा. कार्डाचा किंवा स्टिकरचा फोटो काढा, स्वतःला ईमेल करा आणि विश्वासातल्या एका व्यक्तीला पाठवा. शस्त्रक्रियेच्या तारखेत पाच वर्षं मिळवा आणि फोनच्या कॅलेंडरमध्ये त्या दिवसाची आठवण लावा. ती तारीख उलटून गेली असेल, तर या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तपासणी आणि उपचारांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.)